तपासणीत बसत नाही

"ती न्हाय म्हणायची न्हाय, येवडं ध्येनात ठिवा," हौसाबाई म्हणाल्या आणि मोसंबीची सोललेली फोड त्यांनी सुनेच्या हातावर ठेवली.

"मावशी, मी नंदाताईंना विचारलं."

"मग तिलाच इचारा की. मी कुटं अडवलंय?"

"तुम्ही जरा बाहेर बसता का?"

त्या लगेच उठल्या. इतक्या लगेच, की मला तेही खटकलं. बाहेर गेल्या, पण बाकावर बसल्या नाहीत. समुपदेशनाच्या त्या खोलीच्या दाराला धुरकट काच होती. तिच्यापलीकडे त्यांच्या हिरव्या लुगड्याचा पट्टा माझं बोलणं संपेपर्यंत तसाच उभा होता.

मी तेव्हा आरोग्य मानसशास्त्राच्या एमएच्या दुसऱ्या वर्षाला होते. पुस्तकातले पेपर संपत आले होते आणि प्रात्यक्षिकासाठी आम्हाला पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं होतं. माझ्या वाट्याला किडनीचा विभाग आला. हणमंत घाडगे हा पाटणकडचा माणूस, साखर कारखान्यात फिटर. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसवर होता आणि आता हाताच्या शिरा दाद देईनाशा झाल्या होत्या. फार वेळ नाही, असं डॉक्टर उघड म्हणत होते. त्याची बायको नंदा त्याला किडनी देणार होती. ती स्वतःच्या मनानं देतेय की घरचे तिच्याकडून काढून घेताहेत, हे ऑपरेशनच्या आधी आमच्या डिमेलो मॅडमना ठरवायचं होतं. मॅडमच्या आधी मी नंदाला भेटायचं आणि जे दिसेल ते वर्गात मांडायचं, असं ठरलेलं.

"तुम्हाला किडनी का द्यायची आहे?" मी विचारलं.

"माझ्या मनानं देतीया."

"ते झालं. पण भीती नाही वाटत?"

"माझ्या मनानं देतीया," नंदा म्हणाली. नजर टेबलावर. शाळेत पाठ केलेलं उत्तर मास्तरांसमोर म्हणावं तसा आवाज.

संशय माझ्या रक्तातच आहे. माझे वडील एसटीत तिकीट तपासनीस होते. घरी आलेल्या पाहुण्याकडेही ते अशा नजरेनं बघत, की तो बिचारा खिसे चाचपू लागे. विनातिकीट माणूस आत जाऊन बसत नाही, दाराजवळच रेंगाळतो, असं ते आम्हाला जेवताना सांगायचे. त्यामुळे त्या धुरकट काचेपलीकडचं हिरवं लुगडं पाहिलं आणि माझ्या मनानं हौसाबाईंना तिथल्या तिथे पकडलं.

पुढच्या भेटींत तर मला पुरावेच सापडत गेले. हौसाबाई सुनेला एक क्षण एकटं सोडत नसत. नंदा नळावर गेली तर या मागे. नंदाच्या गळ्यात नवी कोरी बोरमाळ होती. कुणी केली विचारलं तर सासूकडे बोट दाखवून म्हणाली, "आत्तीनी." डबा उघडला की आधी सुनेचं ताट. दुपारी स्वतःची घोंगडी सुनेच्या पाठीशी सरकवून द्यायची. सुनेला असं जपणारी सासू मी तरी कुठे पाहिली नव्हती. आमच्या आईला आजीनं कधी पाण्याचा तांब्या दिलेला मला आठवत नाही.

हणमंतला विचारलं तर तो हसून म्हणाला, "मी आदीच म्हनलं हुतं, नगं दिऊस. ऐकत न्हाय ती." मला तेही खोटं वाटलं. नको नको म्हणत पदरात पाडून घेणारे पुरुष काय कमी असतात?

मॅडमची वर्गात एक पद्धत होती. फळ्याच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'वाटलं'. आम्ही बोलायचं आणि त्यांनी प्रत्येक वाक्य जिथलं तिथे टाकायचं. मॅडम वसईच्या. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे त्यांच्यासमोर आमचाच चढायचा.

"सासू सुनेला एकटं सोडत नाही," मी म्हणाले. मॅडमनी डावीकडे लिहिलं.

"सुनेवर सासूचा दबाव आहे." उजवीकडे.

"सासू सुनेला मोसंबी भरवते, मुलाला एक फोड देत नाही."

"मुलाला चालतच नाही मोसंबी," मागून प्रसन्न कुलथे म्हणाला. "पोटॅशियम वाढतं. पहिल्या सत्रात होतं ते." वर्ग खिदळला.

माझं डोकं फिरलं. "बोकडालासुद्धा आधी खाऊच घालतात," मी म्हणाले.

हसणं थांबलं. मॅडमनी तेही वाक्य शांतपणे उजवीकडे लिहिलं आणि खडू खाली ठेवला.

"संशय घे, वृंदा. तो घ्यायलाच तुला तिथे पाठवलंय," त्या म्हणाल्या. "पण त्या बाईला बाहेर पडायची वाट दाखवलीस का?"

ती वाट आम्हाला शिकवली होती. पुस्तकात तिला मोठं नाव आहे, आम्ही नुसतं 'सोय' म्हणायचो. किडनी देणाऱ्या प्रत्येक माणसाला एकट्याला गाठून सांगायचं, की तुमच्या मनात नसेल तर फक्त आम्हाला सांगा. डॉक्टर तुमच्या घरच्यांना एवढंच सांगतील, तपासणीत बसत नाही. का बसत नाही, काय निघालं, काही नाही. मग सुनेला कुणी माहेरी पाठवत नाही, भावाला कुणी वाळीत टाकत नाही. माणूस सुटतो आणि नावही राहतं.

"उद्या तूच सांग तिला," मॅडम म्हणाल्या.

मला आनंद झाला, आणि तो लपवायचं काही कारण नाही. एका बाईला सासूच्या तावडीतून सोडवायचं होतं आणि ते माझ्या हातून होणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी हौसाबाईंना हणमंतचे रिपोर्ट आणायला वरच्या मजल्यावर पिटाळलं. जाता जाता त्या दारात थांबल्या.

"आज एकलीला इचारणार काय?"

"रोजचंच विचारणार, मावशी."

"नीट इचारा," त्या म्हणाल्या. माझ्याकडे अशा रोखून बघत होत्या, की मला ती सरळ धमकीच वाटली. दार लावून मी नंदाजवळ खुर्ची ओढली आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. नाही म्हणता येतं, कुणाला कळत नाही, डॉक्टर फक्त एवढं एक वाक्य बोलतात.

पहिल्यांदाच तिनं मान वर केली.

"म्हंजी डाक्टर खोटं सांगत्यात?"

"तुमच्यासाठी सांगतात."

"आनि मशीनीत काय निगालं त्ये?"

"ते घरच्यांना दाखवत नाहीत."

"आनि काय म्हनत्यात म्हनला?"

"तपासणीत बसत नाही."

नंदानं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला वाटलं आता रडेल, आता सगळं बाहेर येईल. मी रुमालसुद्धा काढून ठेवला.

"आत्तीस्नी बी असंच सांगितलं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"आदी आत्तीच देनार हुत्या की. समद्या तपासन्या झाल्या त्यांच्या, रगात जुळलं, फोटू काडलं. आनि मग एक दिस डाक्टर म्हनले, तपासणीत बसत न्हाय. ह्येनी इचारलं, का बसत न्हाय? तर काय बी सांगितलं न्हाय. ह्येच शब्द, बाई. आसंच."

मी रुमाल परत पर्समध्ये टाकला. हौसाबाईंचं तपासणीत बसत नव्हतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरातल्या प्रत्येकानं सांगितलं होतं. मी बोरमाळेवर संशय घेतला, मोसंबीवर घेतला, आजारी नवऱ्याच्या हसण्यावर घेतला. या एका वाक्यावर तेवढा घेतला नाही, कारण ते वाक्य आमचं होतं, रुग्णालयाचं.

"खरं सांगा," नंदा म्हणाली. "आत्तीचं खरंच बसत नव्हतं?"

"मला माहीत नाही."

ते खरं होतं. पण तिनं माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं मी इतके दिवस तिच्या घरच्यांकडे पाहत होते.

दार उघडून हौसाबाई आत आल्या. रिपोर्ट टेबलावर ठेवले. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सुनेकडे.

"झालं इचारून?"

"झालं," नंदा म्हणाली.

हौसाबाईंनी ओच्यातून मोसंबी काढली, सोलली आणि फोड पुढे केली. नंदानं हात पुढे केला नाही. ती फोड बराच वेळ तशीच हौसाबाईंच्या बोटांत राहिली, आणि मग त्यांनी ती सालीबरोबर कागदात गुंडाळून टाकली.

मी धावतच मॅडमकडे गेले. "मॅडम, हौसाबाईंचं खरंच बसत नव्हतं का?"

"नव्हतं."

"म्हणजे खरंच, की आपण..."

"वृंदा, या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे. ज्यांचं खरोखर बसत नाही त्यांच्यासाठी तेच, आणि इतरांसाठीही तेच. उद्या नंदाबद्दल कुणी विचारलं तरी मी तेच सांगेन."

"पण नंदाला संशय आलाय."

मग मी काय घडलं ते सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इतकी वर्षं आम्ही ही सोय सांगतोय," त्या म्हणाल्या. "एकाच घरात दुसऱ्यांदा सांगावी लागली तर काय होईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासुद्धा."

त्यानंतरचे दोन दिवस मी धास्तावलेलीच होते. वॉर्डात पाय ठेवताना कान आधी आत जायचे. आता ही सून सासूला सगळ्यांसमोर उघडी पाडणार, मग तो हणमंत, आईनं आपल्याला मरायला सोडलं हे कळल्यावर तो काय करणार? पण घाडग्यांच्या खाटेपाशी नुसती शांतता होती. दोघी बायका एकमेकींना पाठ करून बसलेल्या असत. त्या शांततेची मला भांडणापेक्षा जास्त भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी नंदा एकटीच मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि थोड्या वेळानं बाहेर आली. त्याच दुपारी डॉक्टरांनी घाडग्यांना बोलावलं. मॅडमनी मला भिंतीपाशी उभं केलं होतं.

"नंदाताईंचं तपासणीत बसत नाही," डॉक्टर म्हणाले.

हणमंत खाली बघून मान हलवत राहिला. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "नशिबात न्हाय म्हनायचं आनि काय." त्या खोलीत या वाक्यावर विश्वास ठेवणारा तो एकटाच होता.

हौसाबाई सुनेकडे बघत होत्या. नंदानं नजर चुकवली नाही. त्या क्षणी मला खात्री पटली, की हिनं डाव साधला. सासूची सोय हिनं सासूवरच उलटवली होती. आता हौसाबाईंनी तोंड उघडलं तर स्वतःचंच बिंग फुटणार, आणि नाही उघडलं तर मुलगा जाणार. माझ्या हातातली सोय मी कुणाच्या हातात दिली होती!

हौसाबाई उठल्या. डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही हात टेकले.

"तुमचं मशीनच बिगडलंय," त्या म्हणाल्या.

"मावशी..."

"माज्या येळंला बी हीच रड. आता हिच्या येळंला बी तीच. एका घरातल्या दोन दोन बायका कशा बसत न्हाईत? मशीन चुकतंय तुमचं. माजं परत तपासा."

"आये, कशाला उगं?" हणमंत म्हणाला.

"तू गप ऱ्हा. परत तपासा म्हंते ना!" आणि मग त्यांनी नंदाचं कोपर धरलं. "चल गं, च्या पिऊ. सकाळधरनं काय खाल्लं न्हाईस."

तपासण्या पुन्हा झाल्या. रीतीप्रमाणे हौसाबाईंनाही पुन्हा एकटं विचारणं भाग होतं, आणि मॅडमनी ते काम माझ्याकडेच दिलं. तीच खोली, तीच काच. या वेळी काचेपलीकडे नंदाची निळी साडी उभी होती.

मी सगळं नियमाप्रमाणे सांगितलं. नाही म्हणता येतं, कुणाला कळत नाही. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती.

"म्हाईत हाय मला," हौसाबाई म्हणाल्या. "त्याच खुर्चीत बसून आयकलंय."

"मावशी, तेव्हा..."

"भ्याले. दुसरं काय! आमच्या गावात एकीचं पोट फाडलं ती परत आलीच न्हाय. माजं पोरगं हाय, पोटचं हाय, समदं कळतं. पर रातच्याला डोळं मिटलं की सुरीच दिसायची. तुमच्या म्याडमनी इचारलं, भ्या वाटतं का, आनि माज्या तोंडातनं व्हय निगून गेलं. त्येंनी माजी अब्रू राकली. पर घरी गेले तवा ही पोरगी चुलीम्होरनं उटली आनि म्हनली, आत्ती, तुमचं न्हाय तर माजं घ्या. हिचं घ्यावं का म्हनून घरात मला इचारलं बी न्हाय कुनी, आनि तिला बी न्हाय."

त्यांनी काचेपलीकडच्या निळ्या साडीकडे पाहिलं.

"मला वाटायचं, हिला बी कुनी इचारावं. म्या कशी सांगू? सोय हाय म्हनून सांगितलं तर इचारल, तुमाला कशी ठावं? म्हनून दारात हुबी ऱ्हायची. कवा इचारताय, नीट इचारताय का, त्ये बगत. ती न्हाय म्हणायची न्हाय म्हनून तुमाला कितींदा सांगितलं मी. तुमाला कळंना."

त्याच वाक्यावर आणि त्याच दाराशी मी त्यांना पहिल्या दिवशी पकडलं होतं. समोर कुणी रडलं तर काय करायचं ते आम्हाला शिकवलं होतं. स्वतःलाच रडू आलं तर काय करायचं, हे नव्हतं शिकवलं.

"आता भीती गेली?" कसंबसं मी विचारलं.

"जाती कुटं? पर तवा एकलीच भ्यालेली. आता दोगी भ्यालोय. घरी जाऊन एकमेकीस्नी सांगितलं आमी. लई हासलो." त्या खरंच हसल्या. "लिवा तुमी. माज्या मनानं देतीया."

बाहेर आले तेव्हा नंदा समोरच होती. माझ्यातला तिकीट तपासनीस अजून मेला नव्हता. मी तिला जिन्याकडे नेलं आणि स्पष्टच विचारलं, "तुम्ही मुद्दाम नाही म्हणालात का? त्यांना पुढे यावं लागावं म्हणून?"

नंदाला राग आला नाही. तिनं थोडा विचार केला.

"राग आला हुता आत्तींचा. दोन दिस लई राग आला," ती म्हणाली. "पर न्हाय म्हनले ती भ्याले म्हनून. पयल्या दिसापास्नं भ्याले हुते, बाई. माझ्या मनानं देतीया, माझ्या मनानं देतीया, आसं घोकत हुते, म्हंजी भ्या भाईर पडू न्हाई. त्या घाबरल्या हुत्या ह्ये कळलं, तवा वाटलं, आपन बी घाबरलो तर चालतं."

ऑपरेशन झालं आणि हणमंतला आईची किडनी लागू पडली. वर्गात माझी मांडणी झाली तेव्हा मॅडमनी फळ्यावर रेघ ओढली आणि खडू माझ्याच हातात दिला. मी सगळं उजवीकडे लिहिलं आणि जागेवर येऊन बसले. मार्क बरे पडले, पण पहिला नंबर कुलथ्याचा आला.

आज मॅडमच्या खुर्चीत मी बसते. सोय मीही सांगते, पण आता आधी विचारते, की तुमच्या घरातलं अजून कुणी इथे तपासून गेलंय का. गेलं असेल तर मी शब्द बदलते.

हणमंत अजून तपासणीला येतो. बरोबर नंदा असते. हौसाबाई गावी असतात, शेरडं राखतात, आणि जमेल तेव्हा गाठोड्यातून वरण्याच्या शेंगा पाठवतात. परवा मी बाहेरच्या हॉलमधून जात होते. हणमंत एका नव्या पेशंटला आपली कथा सांगत होता आणि नंदा शेजारी मोसंबी सोलत होती. आता तो मोसंबी खातो.

"आवं, माज्या आयचं आदी जुळत न्हवतं, मग बायकूचं बी न्हाय. आयनं डाक्टरला आसा झापला म्हनता! म्हनली, मशीनच बिगडलंय तुमचं. आनि निगालं की तसंच!" तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "काय म्याडम, खरं का न्हाय? त्ये मशीन बदललं का तसंच हाय अजून?"

नंदाचा हात थांबला. तिनं वर पाहिलं नाही.

"बदललं," मी म्हणाले.